लिंबाच्या फांदीवरची गाठ दर वर्षी परत का येते? ऑस्ट्रेलियातली गाठमाशी आणि चुकणारी वेळ

तक्रार साधारण अशी असते. मेलबर्न, सिडनी किंवा ब्रिस्बेनच्या घरामागे लिंबाचं झाड आहे. कोवळ्या फांद्या मध्येच सुजतात, आत गोट्या भरल्यासारख्या दिसतात. गाठीच्या पुढचा शेंडा रोडावतो, पानं बारीक राहतात, फळ लहान धरतं. फांद्या कापल्या, औषध मारलं, वर खतही दिलं, तरी पुढच्या उन्हाळ्यात गाठी हजर आणि बहुतेक वेळा आधीपेक्षा जास्त.

हा रोग नाही. हे सिट्रस गॉल वास्प या कीटकाचं काम आहे. शास्त्रीय नाव ब्रुकोफेगस फेलिस. आपण तिला गाठमाशी म्हणू, कारण मधमाशी आणि गांधीलमाशी ज्या गणातल्या, त्याच गणातली ही. माणसाला मात्र ती डंख मारत नाही. मूळची ती क्वीन्सलँड आणि उत्तर न्यू साउथ वेल्सची. तिथल्या रानातल्या फिंगर लाइम या जंगली लिंबावर वाढायची, पुढे लागवडीच्या लिंबू, संत्री, ग्रेपफ्रूटवर आली आणि कलमांबरोबर दक्षिणेला मेलबर्न, ॲडलेडपर्यंत पोचली. महाराष्ट्रातल्या लिंबू-मोसंबी बागायतदाराच्या रोजच्या किडींत ती नाही. म्हणून घरी फोटो पाठवला की "खैऱ्या आहे, बोर्डो मिश्रण मारा" असं उत्तर येतं. तो सल्ला खैऱ्या या डाग पाडणाऱ्या जिवाणूजन्य रोगासाठी योग्य आहे, या गाठीसाठी निरुपयोगी.

घाईत असाल तर एवढं आधी करा: भोकं न पडलेल्या गाठी 1 जून ते 31 ऑगस्ट, म्हणजे इथल्या हिवाळ्यातच (ब्रिस्बेनकडे जुलैअखेरपर्यंत) कापा किंवा सोला, कापलेल्या गाठी पिशवीत बंद करा, आणि जूनपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत झाडाला नत्राचं खत देऊ नका. यातली एक गोष्ट जरी चुकली तरी उरलेल्या दोन पुऱ्या पडत नाहीत. कारण खाली आहे.

आधी खात्री करून घ्या

गाठमाशीची गाठ फांदीचाच भाग असते. लांबट, उंचसखल, बोटाच्या पेराएवढीपासून पार वीतभर, म्हणजे 25 सेंटिमीटरपर्यंतही वाढते. सुरुवातीला हिरवी आणि गुळगुळीत, पुढे करडी. नखाने खरवडून ती निघत नाही. नखाने टवका निघाला आणि खाली साल साबूत असेल तर ती खवले कीड. पानावर चंदेरी नागमोडी रेघा असतील तर नागअळी. जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर खोडाला एकच फुगवटा असेल तर तो बहुधा कलमाचा सांधा, त्याला हात लावू नका.

पानांवर आणि फळांवर खरबरीत, बुचासारखे डाग आणि त्यांच्याभोवती पिवळं वलय दिसलं तर मात्र थांबा. ती खैऱ्याची लक्षणं आहेत. ऑस्ट्रेलियात हा रोग दिसल्यास राज्याच्या कृषी खात्याला लगेच कळवणं बंधनकारक आहे. फांद्या कापून हलवू नका.

गाठीची खात्री करायला एक गाठ कापून घ्या आणि धारदार कटरने उभी चिरा. मार्च ते जुलैमध्ये चिरली तर आत बारीक कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक पांढरी, बिनपायाची अळी दिसते. ती 1-2 मिलिमीटरची असते, म्हणून भिंग घ्या. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच कप्प्यांत काळपट कोष दिसतात. बाहेरून टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं असतील आणि कप्पे रिकामे असतील, तर त्या गाठीतून माशा निघून गेल्या आहेत.

ही भोकं नीट पाहायला शिका. पुढचा सगळा हिशोब त्यांच्यावर आहे.

अंडी आत जातात कशी

मादी 2 ते 3 मिलिमीटरची, काळी, चकचकीत, पंख फुटलेल्या बारीक मुंगीसारखी. वसंतात गाठीतून बाहेर पडल्या पडल्या नर-मादी जुगतात आणि मादी लगेच अंडी घालायला जागा शोधते. तिला फार लांब उडता येत नाही. त्यामुळे पहिली पसंती ज्या झाडातून निघाली त्याच झाडाला, बहुतेक वेळा त्याच फांदीच्या नव्या फुटव्याला. लांब जाते ती वाऱ्याने, नाहीतर रोपवाटिकेच्या गाडीतून.

फुटवा तिला अगदी ठरावीक वयाचा लागतो. लिंबाचा नवा फुटवा हिरवा आणि तीन कडांचा असतो, नखाने सहज दबतो. ती मिशांनी त्यावर चाचपत चालते, पोट वाकवते आणि पोटाखालची अंडी घालायची सुई सालीतून आत घालते. अंडं साल आणि लाकूड यांच्या मधल्या थरात सोडलं जातं. पानाच्या आणि फळाच्या देठातही ती अंडी घालते. एक मादी साधारण 100 अंडी घालते. फुटवा गोल झाला, साल घट्ट झाली की तिची सुई आत जात नाही. हे लक्षात ठेवा, पुढे याचा फार उपयोग आहे.

साल आणि लाकडामधला हा थर साधा नाही. फांदीची जाडी वाढवणाऱ्या पेशी तिथेच असतात, म्हणजे फांदीत सतत नव्या पेशी तयार होण्याची ती जागा. 2 ते 4 आठवड्यांत अंडी फुटतात, अळ्या कुरतडायला लागतात आणि तिथल्या पेशी बेसुमार वाढू लागतात. अळीभोवती मऊ पेशींचा थर तयार होतो. तोच तिचा खाऊ आणि तेच तिचं घर. अंडी घातल्यापासून फांदी फुगायला एकूण दोन-तीन महिने जातात. म्हणून दिवाळीच्या सुमारास घातलेल्या अंड्यांची गाठ डोळ्यांना दिसते ती डिसेंबर-जानेवारीत.

गाठ बांधतं ते झाडच, कीटक फक्त तसं करायला भाग पाडतो. ही गोष्ट मराठी घराला नवी नाही. बाळगुटीत उगाळायचं मायफळ नावाला फळ आहे, पण प्रत्यक्षात ते पश्चिम आशियातल्या ओकच्या फांदीवर दुसऱ्या एका गाठमाशीने करवून घेतलेली गाठ आहे. त्याच गुटीतली काकडशिंगीही गाठच, फक्त तिथे काम मावा करतो. मायफळ घेताना जाणकार भोक नसलेलं, जड मायफळ निवडतात, कारण भोक पडलं म्हणजे आतला कीटक गेला आणि गाठीचा कसही कमी झाला. लिंबाच्या गाठीलाही हीच परीक्षा लावायची आहे, उद्देश तेवढा वेगळा.

अळी आत नऊ-दहा महिने राहते. हिवाळा संपताना कोषात जाते, दोन-तीन आठवड्यांनी माशी होते, साल कुरतडून गोल भोकातून बाहेर पडते. ब्रिस्बेनकडे हे सप्टेंबरपासून, सिडनीच्या आसपास सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, मेलबर्नमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबर. वर्षाला एकच पिढी. बाहेरचं आयुष्य जेमतेम आठवड्याभराचं. म्हणजे वर्षातले जवळजवळ सगळे महिने हा कीटक सालीखाली असतो आणि फक्त काही आठवडे उघड्यावर.

मग केलेलं सगळं वाया का जातं

सर्वांत मोठी चूक वसंतात छाटण्याची. हिवाळाभर बागेकडे फारसं लक्ष जात नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा छान होते, आपण बाहेर येतो, गाठी दिसतात, कात्री चालते. पण त्या गाठींना तोवर भोकं पडलेली असतात. आत काही नसतं. उलट कापल्यामुळे झाड जोरात नवे फुटवे काढतं, आणि ते कोवळे असतात तेव्हाच माशा अंडी घालत फिरत असतात. रिकामं घर पाडून आपण नव्या घरासाठी जागा करून देतो. ज्या झाडावर दर नोव्हेंबरला मेहनतीने गाठी कापल्या जातात, त्यावर त्या दर वर्षी वाढतात त्या यामुळेच.

दुसरी चूक खताची. इथे लिंबाला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिट्रस फूड (लिंबूवर्गीय झाडांचं तयार खत) किंवा कोंबडीखत द्यायची पद्धत आहे. त्यावेळी दिलेल्या नत्राचा परिणाम चार-सहा आठवड्यांत दिसतो: लांब, लुसलुशीत, रसरशीत फुटवे. मादीला तेच हवे असतात. खत बंद करायचं नाही, फक्त पुढे ढकलायचं. वर्षाला जेवढं देता त्याचे तीन भाग करा. पहिला नोव्हेंबरच्या शेवटी, दुसरा जानेवारीअखेर, तिसरा मार्चमध्ये. उन्हाळ्यात आणि शरदात येणाऱ्या फुटव्यांना या माशीची भीती नाही, तेव्हा ती उडतच नाही. झाडाची खरी वाढ याच फुटव्यांवर होऊ द्यावी.

तिसरी चूक कापलेल्या फांद्यांची. झाडाखाली टाकलेली किंवा कंपोस्टच्या ढिगावर फेकलेली गाठ मेलेली नसते. हिवाळ्याच्या शेवटी अळ्या पुरत्या वाढलेल्या असतात, त्यांना आता झाडाची फारशी गरज उरलेली नसते. कापलेल्या लाकडातही त्या कोषात जातात आणि माशा होऊन निघतात. झाडावरच्या गाठी गेल्या पण माशा तितक्याच, असा अनुभव येतो तो इथून.

चौथी गोष्ट फवारणीची. सालीखाली असलेल्या अंड्याला आणि लाकडात बंद असलेल्या अळीला वरून मारलेलं औषध लागत नाही. बोर्डो मिश्रण बुरशी-जिवाणूंसाठी आहे, त्याचा इथे संबंध नाही. निंबोळी अर्क गाठीच्या आत पोचत नाही. मुळातून शोषली जाणारी कीटकनाशकं फांदीत पोचतात खरी, पण ती फुलांच्या मधात आणि फळातही पोचतात. ज्या झाडाचं लिंबू आपण सालीसकट लोणच्यात घालतो आणि ज्याच्या फुलांवर वसंतात मधमाश्या लोटतात, त्या झाडाला लेबलवर लिंबूवर्गीय झाड आणि ही कीड दोन्ही स्पष्ट लिहिल्याशिवाय असं औषध देऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. घरच्या एका-दोन झाडांना त्याची गरजही पडत नाही.

जून ते ऑगस्ट: कापायचं कुठे, सोलायचं कुठे

सोय म्हणून "गणपती येण्याआधी गाठी गेल्या पाहिजेत" हे लक्षात ठेवता येईल. पण गणपती तिथीने येतो, कधी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. माशी तिथी पाहत नाही. म्हणून व्हिक्टोरिया आणि दक्षिणेकडे शेवटची तारीख 31 ऑगस्ट धरा. ब्रिस्बेन आणि त्याच्या उत्तरेला जुलैअखेर काम संपलेलं बरं.

सामान फार लागत नाही: धारदार प्रूनिंग कात्री, बटाटे सोलायचा पीलर, कटर, मेथिलेटेड स्पिरिट, जाड हातमोजे आणि कचऱ्याच्या जाड प्लास्टिक पिशव्या. दुसऱ्या झाडाकडे जाण्याआधी पाती स्पिरिटने पुसा. लिंबाचे काटे हातमोज्यांतूनही लागतात, म्हणून आधी वाळलेल्या काटेरी काड्या काढून टाका.

सुरुवात शेंड्याकडून करा. गेल्या वसंतातल्या फुटव्यावर असलेल्या, भोकं नसलेल्या गाठी या वर्षीच्या आहेत आणि त्यांच्यातच जीव आहे. पेन्सिलीएवढ्या किंवा त्याहून बारीक फांदीवरची गाठ असेल तर गाठीच्या खाली दोन-तीन सेंटिमीटर सोडून, एखाद्या डोळ्याच्या (कोंब फुटण्याच्या जागेच्या) वर कापा. मागच्या लाकडावरच्या, शेवाळ चढलेल्या, भोकाभोकांच्या गाठी आधी बघूही नका. त्या दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. एक अपवाद आहे: जुन्या गाठीच्याच अंगावर निघालेला नवा फुटवा. मादीला तो सर्वांत जवळ सापडतो, म्हणून जुन्या गाठीवर नवी गाठ चढलेली पुष्कळदा दिसते. तिथे मात्र तपासा.

एकूण पर्णसंभाराच्या एक-तृतीयांशाहून जास्त एका हिवाळ्यात काढू नका. जास्त काढलं तर झाड वसंतात सगळ्या बाजूंनी फुटेल आणि तोच कोवळा पाला माशीच्या वेळेला तयार असेल. शिवाय ऑस्ट्रेलियाचं ऊन उघड्या पडलेल्या फांद्यांची साल भाजतं. तशी फांदी उघडी पडलीच तर पाण्यात मिसळणारा पांढरा रंग निम्मं पाणी घालून तिच्यावर लावा.

मग जाड फांदीवरच्या, खोडाजवळच्या गाठींचं काय? त्या कापल्या तर अर्धं झाड जाईल. तिथे सोलणं. पीलर किंवा कटर घेऊन गाठीच्या फुगीर भागाची साल आणि खालचं थोडं लाकूड पातळ पातळ कापत जा, आतले कप्पे उघडे दिसेपर्यंत. कप्पे उघडे पडले की थंड कोरड्या हवेने आणि मुंग्या-पक्ष्यांनी अळ्या संपतात, त्यांना वेचून काढायची गरज नाही. जखमेला काही लावायचं नाही, झाड ती आपोआप भरून काढतं. नियम एकच: फांदीला गोल फिरून साल काढायची नाही. घेराच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त सोलू नका, सालीचं पूर्ण वलय निघालं तर गाठीच्या पुढची फांदी वाळते. गाठ चारही बाजूंनी असेल तर या हिवाळ्यात सर्वांत फुगीर बाजू, राहिलेली पुढच्या हिवाळ्यात.

सोलण्याचं काम जून-जुलैमध्ये सर्वांत चांगलं साधतं. सप्टेंबरमध्ये सोललं तर कोषातून माशी जवळजवळ तयार झालेली असते, ती उघड्या कप्प्यातून निघूनही जाऊ शकते.

झाड गाठींनी भरलं असेल, शंभर-दीडशे गाठी असतील, तर दोन हिवाळे लागतील हे धरून चाला. पहिल्या वर्षी शेंड्यांवरच्या सगळ्या जिवंत गाठी कापा, जाड फांद्यांवरच्या जमतील तेवढ्या सोला, आणि खताचं वेळापत्रक बदला. झाडाचा आकार, जुन्या रिकाम्या गाठी, एकमेकांत घुसलेल्या फांद्या हे सगळं दुसऱ्या वर्षीवर टाका. एकाच हिवाळ्यात झाड बोडकं करण्यापेक्षा हा रस्ता लांबचा असला तरी बरा आहे. गाठमाशीने लिंबाचं झाड सहसा मरत नाही, पण भलत्या छाटणीने मरगळतं.

कापलेल्या गाठी पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, ती दुसऱ्या पिशवीत घाला, आणि पूर्ण ऊन मिळेल अशा जागी किमान चार आठवडे ठेवा. मग सर्वसाधारण कचऱ्यात. पिशवी काट्याने फाटलेली नाही ना हे पहिल्या दोन दिवसांत बघा. फाटकी पिशवी असून नसल्यासारखी.

माशा निघाल्या हे कसं कळेल

कॅलेंडरवर अवलंबून राहण्यापेक्षा आपल्याच झाडाला विचारा. हिवाळ्यात सगळ्या गाठी काढताना एक मध्यम आकाराची, भोकं नसलेली गाठ मुद्दाम ठेवा. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिच्यावर दाट विणीच्या मलमलची दुहेरी पिशवी चढवा आणि दोन्ही टोकं दोऱ्याने पक्की आवळा. दर दोन दिवसांनी पिशवी उन्हाकडे धरून पाहा. आत काळे ठिपके फिरताना दिसले की तुमच्या बागेतला हंगाम सुरू झाला. नोव्हेंबर संपला की ती गाठ पिशवीसकट कापून टाका. तारीख लिहून ठेवा. पुढच्या वर्षी हवामान थोडं मागेपुढे होईल, पण एक-दोन आठवड्यांचा अंदाज पक्का मिळतो.

पहिली माशी दिसली की हॉर्टिकल्चरल ऑइलची, म्हणजे झाडांसाठीच्या बागायती तेलाची, फवारणी करता येते. हे तेल माशीला मारण्यासाठी नाही. तेलाचा पातळ थर असलेल्या फुटव्यावर मादी अंडी घालायचं टाळते. प्रमाण साधारण 1 लिटर पाण्याला 5 मिलि, म्हणजे 5 लिटरच्या पंपाला 25 मिलि. तुमच्या बाटलीवर लिंबूवर्गीय झाडासाठी वेगळं प्रमाण असेल तर तेच पाळा. आधी थोड्या पाण्यात तेल घालून दूधट होईपर्यंत हलवा, मग उरलेलं पाणी. फुटव्याच्या सगळ्या बाजू ओल्या झाल्या पाहिजेत, पानांवरून थेंब ओघळण्याची गरज नाही. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एकदा, कारण मधल्या काळात निघालेल्या नव्या फुटव्यावर तेल नसतं. मोठा पाऊस झाला तर मधे एकदा आणखी.

फवारणी संध्याकाळी करा. लिंबाला फुलं याच वेळी असतात, मधमाश्या घरी गेलेल्या हव्यात. तापमान 35 अंशांच्या पुढे जाणार असेल किंवा झाड पाण्यावाचून मलूल असेल तर तेल मारू नका, पानं भाजतात. गंधकाची फवारणी नुकतीच झाली असेल तर तेल टाळा.

तेलाऐवजी बारीक पांढऱ्या केओलिन मातीची फवारणीही चालते. झाड चुना मारल्यासारखं दिसतं. ज्यांना ते चालतं त्यांनी पाकिटावरच्या प्रमाणात वापरावी. पावसाने धुऊन गेली की पुन्हा.

पिवळे चिकट सापळे पुष्कळ जण वर्षभर टांगून ठेवतात. तसं करू नका. माशी उडते ते पाच-सहा आठवडे सोडले तर त्यांवर चिकटतात ते लेडीबर्ड, जाळीदार पंखांचे मित्रकीटक, कधी पाली आणि लहान पक्षीही. सापळा लावायचाच असेल तर मलमलमध्ये पहिली माशी दिसल्यावर लावा, भोवती तारेची जाळी गुंडाळा, नोव्हेंबरअखेर काढून टाका. त्यातून माशांची संख्या कळते. त्याने गाठी थांबतील ही अपेक्षा ठेवू नका.

गाठीतून निघते ती प्रत्येक माशी शत्रू नसते

मलमलच्या पिशवीत काळ्या माशांबरोबर मधाच्या रंगाच्या, बारीक कमरेच्या माशाही दिसू शकतात. त्या दिसल्या तर आनंद माना. मेगास्टिग्मस वंशातल्या दोन जाती, ब्रेविवाल्व्हस आणि ट्रायसल्कस, गाठमाशीवरच जगतात. गाठमाशीने अंडी घातलेल्या फुटव्यात त्यांच्या माद्या आपली सुई घालतात आणि त्यांची अळी गाठमाशीच्या पिल्लाला आतल्या आत संपवते. गाठ तरीही तयार होते, बाहेरून तशीच दिसते, भोकंही तशीच पडतात, पण निघते ती मित्रमाशी. क्वीन्सलँड आणि उत्तर न्यू साउथ वेल्समध्ये या दोघी गाठमाशीला पुष्कळ आवरून धरतात. दक्षिणेकडे गाठमाशी पुढे गेली आणि या मागे राहिल्या, म्हणून मेलबर्नची झाडं जास्त भोगतात.

तुमच्या पिशवीत निम्म्याहून जास्त माशा मधाच्या रंगाच्या निघाल्या तर पुढच्या हिवाळ्यात कात्री हलक्या हाताने चालवा. प्रत्येक गाठ कापलीत तर मित्रमाश्याही कचऱ्यात जातील. आणि तेलाच्या फवारणीचा मोह टाळा.

तरीही येतच असतील तर

पहिली शंका शेजारच्या झाडाची घ्या. माशी लांब उडत नाही, पण कुंपणापलीकडचं दुर्लक्षित लिंबू तिला लांब नाही. जुलैमध्ये पीलर घेऊन शेजाऱ्यांकडे जा, एक गाठ सोलून आतल्या अळ्या दाखवा. समजावून सांगण्यापेक्षा ते पाहिलं की माणूस लगेच कामाला लागतो. गल्लीतल्या चार झाडांनी एकाच महिन्यात छाटणी केली तर पुढच्या वर्षी चौघांनाही फरक दिसतो.

दुसरी शंका मूळखुंटाच्या, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याच्या, फुटव्यांची. कलमाच्या सांध्याखालून फुटवे येत असतील तर ते मूळखुंटाचे असतात, काहींची पानं तीन दलांची दिसतात. रफ लेमन आणि ट्रॉयर सिट्रेंज या मूळखुंटांच्या फुटव्यांवर गाठी चटकन होतात आणि झुडपात दडून राहतात. ते वर्षभरात कधीही, दिसले की बुडापासून ओढून काढा. कात्रीने कापले तर दुप्पट येतात.

तिसरी गोष्ट जातीची. लिंबू, ग्रेपफ्रूट आणि संत्र्यावर गाठी जास्त होतात, मँडरिनवर (सैल सालीच्या संत्र्यावर) त्या मानाने कमी. युरेका आणि लिस्बन ही लिंबं वर्षभर थोडे थोडे फुटवे काढत राहतात, त्यामुळे माशीच्या हंगामात त्यांच्यावर काहीतरी कोवळं असतंच. नवं झाड लावायचं असेल आणि आसपास गाठी भरपूर असतील तर हा विचार आधी करा.

कुंडीतल्या झाडाचं काम सोपं आहे. सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत पूर्ण झाडावर दाट कीटकरोधक जाळी घाला. फळबागेवर पक्ष्यांसाठी टाकतात ती जाळी चालणार नाही, तिच्या भोकांतून दोन मिलिमीटरची माशी सहज जाते. आणि जाळी घालण्याआधी झाडावर एकही जिवंत गाठ नाही हे दोनदा बघा, नाहीतर माशा आतच कोंडल्या जातील. फुलं जाळीत असली तरी काळजी नको, बहुतेक लिंबांना फळ धरायला दुसऱ्या झाडाचे पराग लागत नाहीत.

फळाविषयी पुष्कळ जण विचारतात. गाठी असलेल्या झाडाचं लिंबू खायला पूर्ण सुरक्षित आहे. फळाच्या देठाला गाठ असेल तर ते लवकर गळतं, एवढंच.

रोप विकत घेताना ते डिसेंबर ते फेब्रुवारीत घेण्यापेक्षा मार्चनंतर घ्या. वसंतात घातलेली अंडी असतील तर तोवर गाठ दिसायला लागलेली असते. प्रत्येक फांदी बोटांच्या चिमटीत धरून बुडापासून शेंड्यापर्यंत हळू सरकवा. डोळ्यांना न दिसणारा बारीक फुगवटा बोटांना लागतो. पानांच्या देठांवरूनही बोट फिरवा. एक जरी गाठ लागली तरी ते रोप दुकानातच ठेवा.